थांबायचं बटण

पहिल्या तासाला ॲबरनेथी सरांनी संगणक उघडूच दिला नाही.
कात्री दिली, पुठ्ठा, दोन फासे,
सुक्या वाटाण्यांची एक पुडी.
म्हणाले, डाव मांडा. पाच मिनिटांत मोडता आला पाहिजे.
खिडकीबाहेर टे नदीवरचा पूल
कुणीतरी अर्धाच काढून सोडल्यासारखा, धुक्यात.

आम्ही सतरा जण. सोळा जणांनी युद्धं मांडली
आणि फर्गसने मासेमारी.
सर वाकून बघत राहिले, मग विचारलं,
मेलेला वाटाणा कुठे जातो?
पुडीत, म्हणालो आम्ही.
आणि पुडीत काय करतो?
त्या दिवशी एवढाच धडा.

मग वहीत शब्द आले: फेरा, बक्षीस, शिक्षा, पातळी.
कोण राज्य घेतं, कुणाला कधीच घ्यावं लागत नाही.
खेळ म्हणजे जग कसं चालतं याचा कबुलीजबाब,
असं मी निबंधात लिहिलं, जरा ऐटीतच.
समासात लाल शाईत एकच शब्द आला:
कुणाचा?

आमचा वर्ग भरतो ती इमारत तागाची गिरणी होती.
डंडीत निम्म्या इमारती गिरण्याच होत्या म्हणा.
म्हणून मी गिरणीचाच खेळ केला:
सहा माग, एक कामगारीण,
धागा तुटला की बोट दाबायचं,
जोडला की एक नाणं, चुकला की पगारातून कपात,
आणि वर लाल घड्याळ.
मागांचा गडगडाट संग्रहालयातून आणला,
चाळीस रात्री तासून तासून बसवला.
टेबल हादरायचं. मला फार आवडायचं ते.

तपासायला नेला नेटी गेलॅटलीकडे.
वय शहाऐंशी. पंधराव्या वर्षी मागावर उभी राहिलेली.
तिच्यासाठी सोपी पातळी लावली,
लिंबूटिंबू.

भिडू खेळत असताना करणाऱ्याने तोंड उघडायचं नाही,
हा वर्गातला पहिला नियम. मी ओठ मिटून बसले.
गडगडाट सुरू झाला.
नेटी माझ्या ओठांकडे बघत होती, वाट बघत,
मी काहीतरी म्हणेन म्हणून.

तेव्हा लक्षात आलं.
ज्या आवाजाने तिचे कान नेले
तोच मी तिला चाळीस रात्री घासूनपुसून
भेट म्हणून आणला होता.
तिच्यापर्यंत त्यातलं पोचलं फक्त टेबलाचं थरथरणं.
त्यावर तिने तळवा ठेवला,
ओळखीच्या जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा.

मग खेळली. बोटं अशी चालली
की माझी सगळी गणितं तोकडी पडली.
पहिली पातळी, दुसरी, पाचवी.
सहावीला धागे भराभर तुटू लागले
आणि नेटीने हात उचलून मांडीवर ठेवला.

घड्याळ धावत होतं. कपात, कपात, कपात.
मला ओरडावंसं वाटलं, दाब, दाब ना!
पडदा लाल झाला. तुम्ही हरलात.

हरले? नेटी म्हणाली. कोण म्हणतं?
एकदा आमची अख्खी रांग अशीच उभी राहिली होती,
हात खाली सोडून, चहाच्या सुट्टीसाठी.
मुकादम नाचला नुसता.
आणि खांद्यावर दोन बोटं टेकवून तिने खूण केली,
गडगडाटात रांगेतून रांगेत जायची ती.
म्हणजे काय? मी विचारलं, ओठ मोठे करून.
म्हणजे, तो येतोय. किंवा, आता. ते समोरच्या तोंडावरून कळायचं.

आवाज मी काढून टाकला, थरथर ठेवली.
थांबायचं बटण अजून जमलेलं नाही:
एकटीने दाबलं तर हरायलाच होतं,
सहा जणी लागतात, एकाच वेळी,
आणि माझ्याकडे भिडू एकच.

मंगळवारी परत जातेय.
नेटी म्हणाली, वरच्या मजल्यावरच्या विनीला बोलावते,
पण तिला आधी सांग, घड्याळ कुणाचं आहे ते.